कॅक्टसला ऊन किती? नाशिकच्या बाल्कनीतला हिशेब

आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या ऑगस्टमध्ये मला मुद्दाम वर बोलावलं. "अगं, बघ तरी! वर्षभर नुसता बसून होता, आणि या पावसाळ्यात कसा भराभर वाढलाय." स्वयंपाकघराच्या खिडकीत, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी कॅक्टसची कुंडी. खाली लिंबाएवढा गडद हिरवा गोळा आणि त्याच्या डोक्यातून निघालेलं बोटभर जाडीचं, पोपटी, खिडकीकडे वाकलेलं टोक. टोकावरचे काटे विरळ आणि इतके मऊ की हाताला टोचतसुद्धा नव्हते. काकूंना वाटत होतं झाड खूश आहे. ते बिचारं उजेड शोधत होतं.

कॅक्टस घरी आणला की पहिला सल्ला ठरलेला: पाणी कमी, ऊन भरपूर. पाण्याचं ठीक आहे. पण "भरपूर" म्हणजे किती तास, कुठल्या महिन्यातलं आणि कुठल्या झाडाला, हे कोणी सांगत नाही. याच सल्ल्यावर विसंबून मी दोन झाडं भाजली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. नाशिकच्या उन्हाला कॅक्टस सहसा पुरून उरतो. सावलीत रुळलेलं झाड एका दिवसात उचलून उन्हात ठेवलं, की मात्र ते जळतं. पुढचं सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे.

पायरी 1: कुंडीत कोण आहे ते ओळखा

आपल्याकडे काटे दिसले की त्याचं नाव निवडुंग. बांधावर कुंपणाला लावलेला शेर किंवा थोर मोडला की पांढरा चीक येतो. ती युफोर्बियाची मंडळी, कॅक्टस नव्हेत. खरे कॅक्टस जवळजवळ सगळे अमेरिकेतले. माळावर दिसणारा फड्या निवडुंगसुद्धा मूळचा तिकडचाच, इथे येऊन मुरलेला. उन्हाच्या बाबतीत दोघांची पथ्यं बरीचशी सारखी, त्यामुळे या प्रश्नावर झोप घालवायचं कारण नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढं पुरे.

खरा फरक काटे बघून कळतो. दाट काटे किंवा अंगभर पांढरी लव असेल तर ते झाड उघड्या उन्हातलं समजा, कारण काटे हीच त्याची सावली. गोल्डन बॅरल, लव असलेले मॅमिलेरिया, फड्याचे सगळे भाऊबंद या गटातले. एकदा रुळले की यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. अंग गुळगुळीत, काटे मोजकेच आणि हिरवा भाग जास्त दिसत असेल, उदाहरणार्थ जिम्नोकॅलिशियम, तर सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरतं. रानात हे गवताच्या आणि झुडपांच्या आडोशाला वाढतात.

आता तो लाल किंवा पिवळा चेंडू, जो हल्ली वाढदिवसाला हमखास मिळतो. मून कॅक्टस. वरचा रंगीत गोळा हा जिम्नोकॅलिशियमचाच प्रकार, पण त्यात हरितद्रव्य नाही. स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही, म्हणून खालच्या हिरव्या तिधारी दांड्यावर त्याचं कलम बांधलेलं असतं. हा दांडा बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या नात्यातला असतो. म्हणजे एका कुंडीत दोन झाडं: खालच्याला उजेड हवा, वरच्याला ऊन सोसत नाही. सकाळचं कोवळं ऊन दीड-दोन तास आणि बाकी दिवसभर नुसता उजेड, हा यातला मधला मार्ग. रंग छान दिसतो म्हणून त्याला दुपारच्या उन्हात ठेवलंत, तर तो रंगच आधी जाईल.

आणि पावसाळ्यात एका रात्री उमलतं, ज्याचे फोटो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पडतात, ते 'ब्रह्मकमळ'ही कॅक्टसच आहे बरं का. एपिफायलम त्याचं नाव. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं. हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर वाढणारा, त्यामुळे पानांतून गाळून आलेल्या उजेडाची त्याला सवय. ख्रिसमस कॅक्टसही तसाच, ब्राझीलच्या जंगलातला. या दोघांना दुपारचं ऊन दाखवूच नका.

पायरी 2: नर्सरीत एक प्रश्न विचारा

"भाऊ, हा जाळीखाली होता की बाहेर?" बस, एवढाच. गंगापूर रोडला जा नाहीतर दिंडोरी रोडला, छोट्या कुंडीतले कॅक्टस बहुतेक हिरव्या शेडनेटखाली ठेवलेले असतात. त्यांची कातडी कोवळी. दुकानाच्या आत ट्यूबलाइटखाली महिना काढलेला तर त्याहून नाजूक. बाहेर उघड्यावर असलेला मिळाला तर तोच घ्या, मग तो थोडा तांबूस, थोडा खडबडीत दिसला तरी चालेल. चकचकीत हिरवा दिसला म्हणून भुलू नका.

जाता जाता: डोक्यावर फूल असेल तर हळूच बोट लावून बघा. वाळलेलं रंगीत फूल गोंदाने चिकटवून विकायची पद्धत आहे.

पायरी 3: आपली बाल्कनी मोजा

या पायरीवर लोक घाई करतात. "आमच्याकडे खूप ऊन येतं" हे मोजमाप नव्हे. एक रविवार द्या. कागद फ्रिजवर चिकटवा आणि सकाळी सातपासून दर तासाला, कुंडी ठेवायची त्या जागेवर थेट ऊन आहे की नाही, ते लिहा. उन्हाचा जोरही तपासा. जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्याच्या वर हातभर अंतरावर तळवा धरा. बोटं मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर कडक ऊन, कडा पुसट असतील तर मध्यम, आणि सावली ओळखूच येत नसेल तर तिथे फक्त ब्रह्मकमळ ठेवा.

मोजलं की वाटतं संपलं. पण ते मोजमाप त्याच महिन्यापुरतं खरं असतं. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि त्यामुळे इथे सूर्य वर्षभरात चांगलीच जागा बदलतो. डिसेंबरमध्ये भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंशांवर. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. मे महिन्यात 20 तारखेच्या आसपास तोच सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली म्हणतात ते हेच. तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या अंगानेच फिरतो. अर्थ असा, की ऐन मे अखेरीस, जेव्हा आपण उन्हाने हैराण असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीतल्या कुंडीला थेट ऊन लागतच नाही! आणि एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या बाल्कनीत सकाळी आणि संध्याकाळी ऊन घुसतं. मला हे कळलं तेव्हा माझ्या दक्षिणेच्या सज्जातला मॅमिलेरिया जूनमध्ये दरवर्षी का लांबायचा, त्याचा उलगडा झाला.

पूर्वेची बाल्कनी असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळचं ऊन अकरापर्यंत, मग सावली. नवख्या माणसाला याहून चांगली जागा नाही. पश्चिमेचं ऊन दुपारी दोननंतर येतं, तेही दिवसभर तापलेल्या हवेत, आणि मार्चपासून तिथे जाळी लागतेच. खिडकीच्या काचेआड ठेवणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या: काचेतून ऊन कमी होतं, पण उष्णता कोंडते. स्लायडिंगची एक बाजू उघडी ठेवा.

घरात एखादं वडीलधारं माणूस असेल तर "काटेरी झाड घरात नको" हेही ऐकावं लागेल. आमच्याकडे सासूबाईंनी मध्यम मार्ग म्हणून जिन्याच्या कोपऱ्यातली जागा सुचवली होती. वास्तुशास्त्राचं मला ठाऊक नाही, पण त्या कोपऱ्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे कॅक्टस सहा महिन्यांत काकूंच्या कॅक्टससारखाच झाला असता. शेवटी बाल्कनीच्या बाहेरच्या ग्रीलवर तह झाला.

पायरी 4: उन्हाची सवय लावा

नवीन झाड आणल्यावर पहिला आठवडा त्याला भरपूर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. मग सकाळचं एक तास. तीन-चार दिवसांनी दीड-दोन तास. पुन्हा तीन-चार दिवसांनी आणखी अर्धा-एक तास. दोन ते तीन आठवड्यांत झाड त्याच्या कायमच्या जागी जातं. नोकरीमुळे रोज कुंडी हलवणं जमत नसेल तर सोपा उपाय आहे: कायमच्या जागीच ठेवा आणि वर वर्तमानपत्राचं एकेरी पान टोपीसारखं अडकवा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या घडांना कागद लावतात, ते पाहिलं असेल, तसंच. काटे पान धरून ठेवतात, पिन लागत नाही. आठवड्याने पानाला भोकं पाडा, त्यानंतरच्या आठवड्यात काढून टाका.

कुंडीच्या कडेला मार्करने एक ठिपका काढून ठेवा. दर रविवारी ठिपका पाव फेरा पुढे, म्हणजे झाड एका बाजूला झुकत नाही. कळ्या धरल्या की मात्र फिरवणं थांबवा. ख्रिसमस कॅक्टस तर एवढा मानी, की कळ्या असताना जागा बदलली की त्या गाळून मोकळा होतो.

पायरी 5: वर्षाचं वेळापत्रक

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नाशिकचं ऊन कॅक्टससाठी अगदी सोन्यासारखं. काटेवाल्या झाडांना जेवढं मिळेल तेवढं द्या. रात्री पारा दहाच्या खाली गेला तरी माती कोरडी असेल तर बहुतेक काटेरी कॅक्टस सोसतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद. या थंड, कोरड्या, उजळ विश्रांतीनंतरच मॅमिलेरियाच्या डोक्याभोवती फुलांची कडी येते.

मार्च हा फसवा महिना. सकाळी गारवा असतो म्हणून आपण बेसावध असतो, आणि दुपारचं ऊन मात्र पंधरा दिवसांत पार बदललेलं असतं. होळी झाली की जाळी बांधा. 50 टक्क्यांची शेडनेट पुरते, 75 टक्क्यांची काटेवाल्यांसाठी जास्त होते. जाळी आणायची नसेल तर जुनी सुती साडी एकपदरी बांधा, छान काम करते. एप्रिल-मेमध्ये साधारण अकरा ते चार एवढ्या वेळात उघडं ऊन अंगावर येऊ देऊ नका.

उन्हाळ्यात झाडाइतकीच कुंडी तापते, आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. काळी प्लास्टिकची कुंडी, खाली गच्चीचा स्लॅब, शेजारी पाण्याच्या टाकीवरचा पत्रा. दुपारी त्या कुंडीला हात लावून बघा, चटका बसतो, आणि मुळं त्याच्या आत असतात. मातीची कुंडी बरी. खाली दोन विटा ठेवून हवा खेळती करा. प्लास्टिकचीच असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत उतरवून ठेवली तरी भागतं. पाणी संध्याकाळी घाला. कॅक्टस तसाही रात्रीचाच गडी: बहुतेक झाडं दिवसा श्वासछिद्रं उघडतात, हा ती दिवसा मिटून घेतो आणि हवा गार झाल्यावर उघडतो, म्हणजे अंगातलं पाणी उडत नाही.

जून ते सप्टेंबर ढगांचे महिने. ऊन नाही, हवेत ओल, आणि झाड छपराखाली घ्यावं लागतं म्हणून उजेड आणखी कमी. काकूंचा कॅक्टस वाढला तो याच दिवसांत. उजेड कमी आणि पाणी नेहमीइतकंच, की झाड लांबतं. म्हणून उजेड घटला की पाणीही घटवा. घरातल्या सर्वांत उजळ कठड्यावर ठेवा, पावसाची झड येणार नाही एवढं बघा. घर फारच अंधारं असेल तर साधा पांढरा एलईडी दिवा, झाडाच्या वर वीतभर अंतरावर, दिवसाला 12 तास. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत.

आणि मग येतो ऑक्टोबर.

माझा गोल्डन बॅरल ऑक्टोबरमध्ये जळाला, मेमध्ये नाही. दसऱ्याची साफसफाई होती. बाल्कनी धुवायची म्हणून सगळ्या कुंड्या गच्चीवर नेल्या. "राहू दे गं वर, ऊन खातील," असं मीच नवऱ्याला सुनावलं, कारण तो त्या खाली आणायला निघाला होता. चार महिने ढगांखाली, ग्रीलच्या आड काढलेलं झाड. त्याला पावसाने धुतलेल्या निरभ्र आकाशातलं थेट ऊन मिळालं, सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत. चौथ्या दिवशी एका अंगाला फिकट पिवळा चट्टा, तव्यावर भाकरी उलटायची राहून गेल्यासारखा. दिवाळीपर्यंत तो खाकी झाला आणि नखाने टकटक केलं की पुठ्ठ्यासारखा वाजायला लागला. तोच गोल्डन बॅरल त्याआधीच्या मे महिन्यात जाळीखाली मजेत होता.

तेव्हापासून आमच्याकडे घटस्थापनेला वर्तमानपत्राच्या टोप्या पुन्हा निघतात, जुन्या झाडांनाही. पायरी 4 ही फक्त नवीन झाडांची नाही. पावसाळा संपला की प्रत्येक कॅक्टस नवीनच समजायचा.

झाड काय सांगतंय

डाग दिसला की घाबरून पाणी ओतू नका, आधी काडीने दाबून बघा. डाग कडक, कोरडा आणि फक्त उन्हाच्या बाजूला असेल तर तो चटका. मऊ, ओलसर, बोट रुतेल असा असेल तर कूज. ती पाण्याची चूक आहे आणि घाई तिथे करायची. बुडापासून चौफेर, हळूहळू वर चढणारा खडबडीत तपकिरीपणा हा नुसता वयाचा, झाडाच्या सालीसारखा. त्याला काही करायचं नाही. अंगावर तांबूस किंवा जांभळट झाक आली तर झाड म्हणतंय की ऊन त्याच्या सोशिकतेच्या काठावर आहे. जाळी एक पदर वाढवा, आठ-पंधरा दिवसांत हिरवेपणा परत येतो.

चटक्याचा डाग परत हिरवा होत नाही. कोरफडीचा गर, हळद, काहीही लावू नका. झाड आडोशाला घ्या आणि सोडून द्या. नवी वाढ डोक्याकडून होते, डाग वर्षागणिक खाली सरकत जातो. माझ्या गोल्डन बॅरलचा चट्टा तीन वर्षांत बराच खाली गेलाय, आणि मी ती बाजू भिंतीकडे करून ठेवते.

लांबलेलं टोकही परत जाड होत नाही. ऊन दिलं की पुढची वाढ जाड होते आणि झाडाला मधे कंबर पडते, सुरईसारखी. ते रूप आवडत असेल तर राहू द्या. नसेल तर थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी, स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने पोपटी भाग कापा. तुकडा सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, कापलेली जागा कोरडी, घट्ट झाली की जाड वाळू मिसळलेल्या मातीत उभा करा, आणि पहिले काही दिवस पाणी नाही.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुरी माझ्याच हातात दिली. "मला नाही बाई बघवणार, तूच काप." कापला. खालचा लिंबाएवढा गोळा आता त्यांच्या पूर्वेच्या ग्रीलमध्ये आहे, आणि कापलेल्या कडेला त्याला तीन पिल्लं फुटली आहेत, वाटाण्याएवढी, पण काटे मात्र चांगले टोचणारे.